बरी झाल्याचा कागद

पिंपळटोला,
२१ ऑगस्ट २०१३

प्रिय कुंता,

पाच वर्षं दरसाल मला बोलावून विचारलं, बाई जिवंत आहे का. दरसाल गेली, खिडकीत तोंड दाखवलं, हयातीचा दाखला जोडला, सही केली. आता जिवंत तर आहेच, वरून बरीही झाली, तर म्हणतात निराधारचे पैसे बंद. मग यांना मी पाहिजे तरी कशी? मेली तर बंद, बरी झाली तर बंद. मधातच कुठंतरी लोंबकळत राहिली तरच चालू. कॅन्सरच्या बाईला किती वर्षं मदत द्यायची हे ज्यानं कोणी ठरवलं असेल, त्याला एकदा माझ्यासमोर बसवा, बस. पाणी पाजीन, चहा पाजीन, पण उठू देणार नाही.

तू म्हणशील, ही फोन सोडून पत्र कायले लिहून राहिली. तुझा फोन खुमेंद्रच्या खिशात राहते. मागच्या खेपेला लावला तर तो शेतात, मागे ट्रॅक्टर सुरू, आणि मला ओरडून विचारते, "मावशी, आईले काय सांगू?" आता मला जे सांगायचं आहे ते पोराच्या तोंडून जाण्यासारखं नाही. म्हणून नातीच्या वहीतले कागद फाडून बसली आहे. अक्षर चौथी पास बाईचं आहे, सांभाळून घे. त्यातली जोडाक्षरं वॉर्डात तूच शिकवलीस, तर निम्म्या चुका तुझ्याच खात्यात.

पहिल्यापासून सांगते, कारण लग्नात तुला अर्धंच सांगितलं होतं. मार्चमध्ये मी नागपूरला एकटीच गेली. आपली तारीख नेहमी एकच राहायची, पण मागच्या साली तू निरोप धाडलास की मी गोंदियालाच दाखवून घेते, आणि यंदा तर तुझं लगीनघरच होतं. ठीक आहे, म्हटलं. मी सकाळीच केस धुतले, सूनबाईनं तिची जांभळी साडी नेसवली, डब्यात मुरमुऱ्याचे लाडू दिले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळे कागद उलटसुलट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, प्रेमिलाबाई, पाच वर्षं झाली, कुठंच काही नाही. मला ऐकू आलं, पण पटलं नाही. म्हटलं, लिहून द्या. त्या म्हणाल्या, फाईलमध्ये लिहिलं आहे. मी म्हटलं, ते इंग्रजीत आहे आणि तुमच्या अक्षरात आहे, उद्या तुम्हालाही वाचता येणार नाही. मराठीत लिहा, मोठं लिहा, गावात दाखवायचं आहे. बाई अशी हसली की बाहेरची नर्स डोकावून गेली. मग एका कोऱ्या कागदावर लिहिलं, “प्रेमिला देवाजी शहारे ही ठणठणीत आहे.” खाली सही. शिक्का मीच मागून मारून घेतला.

कुंता, तो कागद मी गाडीत उघडून किती वेळा वाचला म्हणून सांगू. समोर एक म्हातारा बसला होता, त्याला वाचायला दिला. त्यानं वाचला आणि माझ्याकडं असं पाहिलं जसं मी म्हैस विकायला काढली आहे. गोंदियाला उतरून एसटीत बसली तर कंडक्टरला दाखवला. तो म्हणाला, बाई, यावर तिकीट माफ नाही. मी म्हटलं, माफ नको, तू फक्त वाच. गावात आल्यावर मोहल्ल्यातल्या सगळ्या बायांनी वाचला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शिक्का पाहिला. पाच वर्षांपूर्वी याच बाया माझ्याकडं पाहून आवाज बारीक करायच्या. आता सुशिलाबाई म्हणाली, "आता तर हिले मरायले मोठा दगडच लागन."

आणि मग मी तो मूर्खपणा केला. एप्रिलमध्ये तालुक्याच्या ऑफिसात दरसालचे कागद द्यायचे होते. पिशवीत रेशनकार्ड घेतलं, हयातीचा दाखला घेतला, आणि सगळ्यांत वर तो ठणठणीतचा कागद ठेवला. कोणी मागितला नव्हता. पण शालीकराम बाबू मला पाच वर्षं ओळखून राहिला होता. पहिल्या वर्षी मी त्याच्या खिडकीसमोर चक्कर येऊन पडली तर त्यानंच पाणी आणलं होतं. मला वाटलं, त्याला आनंद होईल. झाला पण. त्यानं दोनदा वाचला, "अभिनंदन मावशी" म्हणाला, खरं म्हणाला, तोंडभर हसून म्हणाला. आणि हसता हसताच माझ्या नावासमोर लाल पेनानं बंद लिहिलं. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, मावशी, मदत रोगासाठी आहे, रोगच नाही तर कशाची द्यायची? त्याचं बोलणं शाळेतल्या गणितासारखं बरोबर होतं.

घरी आली तर माझा नवरा, संघदीपचा बाप, खाटेवर बसून म्हणते, लोक खोटे बिमारीचे कागद आणून पैसे खातात, आमच्या घरातलीनं खरा चांगल्याचा कागद नेऊन पैसे घालवले. आठ दिवस गावात हाच किस्सा. मी पण हसली. सहाशे रुपये गेले तर गेले, कागद तर आहे. फ्रेम करून भिंतीवर लावला आहे, बुद्धाच्या फोटोच्या शेजारी. येशील तेव्हा पाहशील.

तुझ्या सोनिकाच्या लग्नात मी हेच तुला सांगायला आली होती. काय लग्न केलंस बाई. मांडव काय, जेवण काय, आणि तू काय. हळदीच्या दिवशी तू नाचलीस ते अजून डोळ्यांसमोर आहे, पदर खोचून, त्या जावेला ढकलून मधात घुसलीस. वॉर्डात तुझा हात धरून संडासला नेत होती मी, आणि आज ही बाई नाचते. मी एका कोपऱ्यात उभी राहून रडून घेतलं, तुला दिसू दिलं नाही. आणि तेवढ्यात गावचा कोतवाल जेवायला आला. मी पाहतच राहिली. तू नाचातून निघालीस, सरळ आतल्या खोलीत गेलीस, खाटेवर पडलीस आणि डोक्यावरून कांबळं घेतलंस. मे महिना, मांडवात पंखा गरम हवा फेकून राहिला होता, आणि नवरीची आई कांबळ्यात. कोतवालानं विचारलं, कुंताबाई कशी आहे? खुमेंद्र म्हणाला, तशीच आहे. तो जेवून, ढेकर देऊन गेला, मग तू घामानं भिजून बाहेर आलीस. मी विचारलं तर हसलीस. म्हणालीस, "तो ऑफिसात जाऊन सांगते वो, कोण नाचून राहिलं ते." मी पण हसली. तेव्हाच मी माझ्या कागदाचं सांगितलं, आणि पैसे बंद झाल्याचंही. तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्यासाठी उतरला. तुझा एक हात सारखा कमरेवर होता. म्हणालीस, लगीनघरची दगदग.

असो. पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही.

जूनमध्ये नांगर निघाले आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, सरकार म्हणते ठणठणीत, डॉक्टरीण म्हणते ठणठणीत, मग मी घरात बसून भात का शिजवून राहिली? आमच्याकडं रोवण्याचा गुता राहते, तुला माहीतच आहे. पंधरा-वीस बाया मिळून एकेक शेत ठरवून घेतात आणि धान रोवून देतात. आमच्या गुत्याची म्होरकी सुशिलाबाई. तिला म्हटलं, मला घे. ती म्हणाली, झेपन का? मी म्हटलं, कागद वाचला नाहीस का? पाच वर्षांनी मी बांधीत उतरली. तो चिखल पायाला लागला ना कुंता, थंडगार, बोटांतून वर येणारा, तेव्हा मी खरंच मोठ्यानं हसली. बाया म्हणाल्या, हिले कोणी गुदगुल्या करून राहिलं का? हातात पऱ्ह्याची, कोवळ्या रोपांची जुडी, समोर माझी पात, बाजूला सुशिलाबाईची, आणि सगळ्या एकदम वाकून मागे मागे सरकत चाललो. दुपारपर्यंत मी कोणापेक्षा कमी नव्हती. खरं सांगते.

दुपारनंतर लघवी. आपल्याला मशीनच्या शेकानं काय करून ठेवलं ते आपल्यालाच माहीत. त्या मशीननं रोग जाळला, बरोबर जाळला, पण बाजूचं पण थोडं भाजलं. धरवतच नाही. दर अर्ध्या घंट्यानं चिखलातून निघा, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चढा, आडोसा शोधा. उघडं शेत, चारी बाजूला माणसं, आडोसा कुठून येणार? तिसऱ्यांदा मी धुऱ्यावर कावरीबावरी उभी तर सुशिलाबाईनं वाकल्या वाकल्याच आवाज दिला, आणि चार बाया चिखलाच्या हातांनी येऊन माझ्याभोवती पदर धरून उभ्या राहिल्या. वर गाणं म्हणत होत्या, जणू नवरीची न्हाणी आहे. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी पाळीच लावली, कोण पदर धरणार. हसून हसून मला जास्तच यायची.

पण पात लपत नाही ना. सगळ्यांच्या पाती मागच्या धुऱ्याला टेकल्या तर माझी मधातच, जसा तोंडातला पडका दात. दर वेळी कोणी ना कोणी येऊन माझी उरलेली पात भरून देई. चौथ्या दिवशी सकाळी डावा पाय जमिनीवर ठेववेना. मांडीपासून फुगला, केळीच्या खांबासारखा, बोट दाबलं तर खड्डा राहते. मग सुशिलाबाईनं मला बांधीतून काढलं. म्हणाली, तू वर बसून पऱ्ह्याच्या जुड्या बांध, अन् आम्हाला शिव्या दे, आम्ही भरभर रोवू. पूर्ण रोवणा मी तेच केलं. शिव्या चांगल्या दिल्या. मजुरी अर्धी मिळाली, पण मी गुत्यात होती. घरात नव्हती.

त्या पायाकडं पाहत बसली की डोक्यात येई, मी ठणठणीत आहे हे खोटं नाही. आणि माझी पात अर्धी राहिली हे पण खोटं नाही. मग ऑफिसचा कागद यातलं एकच काऊन विचारते?

ऑगस्टच्या सुरुवातीला तालुक्याला शिबिर लागलं, ज्यांचे पैसे बंद झाले त्यांचं ऐकून घ्यायला. सुशिलाबाई म्हणाली, चल, मी येते. टेबलापलीकडं नवे साहेब होते, तरुण, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसलेले. बाजूला शालीकराम. माझा नंबर आला. शालीकरामनं वाचून दाखवलं, रोग नाही, मदत बंद, हिनंच कागद आणून दिला. साहेब म्हणाले, मावशी, कागद तर तुमचाच आहे. मी म्हटलं, हो, आणि खरा आहे. मग तक्रार काय आहे? मी खुर्ची मागितली, आणि डावा पाय वर करून त्यांच्या टेबलाच्या कडेला ठेवला. सूज उतरली होती तरी बरीच होती. साहेब मागे सरकले. सुशिलाबाईनं मग आमच्या गुत्याचं सगळं सांगितलं, किती वेळा धुऱ्यावर जाते, पात कुठपर्यंत येते, पदर कोण धरते, सगळं. शालीकरामनं लाजून खाली पाहिलं. मागच्या रांगेतले लोक हसले, पण चांगले हसले.

साहेब माणूस वाईट नव्हता. पेन खाली ठेवून त्यांनी मला सरळच विचारलं, "मावशी, मग तुम्हीच सांगा, तुमच्यासारख्या बाईला किती वर्षं द्यायचं?"

झालं, रांगच बोलायला लागली. एक म्हणे जिंदगीभर द्या. एक म्हातारी म्हणे पोरगा कमावता होईपर्यंत. कोणी म्हणे नवरा मरेपर्यंत, तर दुसरी म्हणे नवरा मेल्यावरच तर पाहिजे. माझ्या पण जिभेवर जिंदगीभर आलंच होतं. पण कुंता, माझ्या भिंतीवर ठणठणीत लावलं आहे ना. जिंदगीभर म्हटलं म्हणजे जिंदगीभर बिमार असं मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. तसं मला नको. मी म्हटलं, "साहेब, आग विझली का एवढंच तुम्ही विचारून राहिले. छप्पर घातलं का, ते पण विचारा. पहिली पाच वर्षं दरसाल बोलावूच नका, बाई रोगाशी झगडन का तुमच्या खिडकीशी? पाच वर्षं गुपचूप द्या. मग डॉक्टरला विचारा, हिच्यानं काम किती होते. होत असन तर बंद करा, मीच येऊन सांगन."

साहेबांनी अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, पण अर्जात तसा रकाना नाही. मी अर्ज उचलला, उलटा केला, आणि म्हटलं, मागची बाजू कोरी आहे ना. शालीकरामला हसू आलं, त्यानं खोकून लपवलं. साहेबांनी त्याच्यावरच लिहून दिलं की काम करण्याच्या शक्तीबद्दल डॉक्टरांचं मत आणावे.

म्हणून गेल्या आठवड्यात मी परत नागपूरला गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, प्रेमिलाबाई, तो मी तुमच्या आनंदाचा कागद दिला होता, ऑफिसचा नाही. मग दुसरा लिहिला, व्यवस्थित. रोगाचं चिन्ह नाही. पाय सुजतो, लघवीवर ताबा कमी. पाण्यात, चिखलात वाकून काम करणे शक्य नाही, बसून हलके काम करू शकते. दोन वर्षांनी पुन्हा तपासावे. परवा शालीकरामनं तो लावून घेतला आणि माझ्या नावासमोरचं लाल बंद खोडलं. दोन वर्षं पक्की, मधात बोलावणं नाही. त्यानंतर पाहू. मी त्याला मुरमुऱ्याचा लाडू दिला, त्यानं खिडकीतच खाल्ला. तर बाई, रोग साफ असला तरी मदत राहू शकते. हे दोन्ही एका कागदावर बसते. मी बसवून आणलं. हे वाक्य परत वाच.

आता ज्यासाठी लिहायला बसली ते सांगते.

नागपूरला निर्मलाबाई नर्स भेटली, ती जाडी, आपल्यावर ओरडणारी. मला पाहून म्हणाली, तुझी जोडीदारीण कुठं आहे? मी म्हटलं, ती गोंदियाला दाखवते. ती म्हणाली, मग तिची फाईल तिकडून मागवायला हवी होती, कोणी मागवली नाही, दोन वर्षं झाली. आणि मला कपाटाच्या खालचा गठ्ठा दाखवला, दोरीनं बांधलेला. येणं बंद झालेल्यांचा. तिनं सांगितलं नाही पण मला समजलं, त्यातल्या निम्म्या बाया कुठं गेल्या असतील. त्यात तुझं कार्ड होतं. कुंता, मी तिथंच बाकावर बसली. पहिल्या दिवशी तू माझ्या ग्लासातलं पाणी घेतलं नाहीस, पोवाराच्या घरची, मी कोणाची ते विचारून घेतलंस आधी. चौथ्या रात्री उलटी झाली तर त्याच ग्लासानं चूळ भरलीस, आणि मग आपण एकाच ताटात जेवलो. मशीनच्या खोलीत दार लागलं की मी एकटी भीत होती, तर तू सांगितलंस, मनातल्या मनात रोवण्याच्या गाण्याचं एक कडवं म्हण, कडवं संपते तेवढ्यात दार उघडते. दार दरवेळी उघडलं. ते कडवं तू शिकवलंस आणि तूच गठ्ठ्यात जाऊन बसलीस? मी निर्मलाबाईला दोरी सोडायला लावली. ती म्हणाली नियमात नाही. मी म्हटलं, माझ्या तालुक्याला साहेबानं अर्जाच्या मागं लिहिलं, तू एक दोरी सोडू शकत नाहीस? सोडली.

मला सगळं समजलं आहे. गोंदियाला तू कुठंच दाखवत नाहीस. जुन्या कागदावर दरसाल काम चालवतेस, आणि नागपूरचा साफ कागद आला तर पैसे जातील म्हणून जातच नाहीस. मी तुला दोष देत नाही. जमीन दिरांच्या नावावर, घर पोराचं, फोन पोराच्या खिशात. तुझं म्हणून जगात तेवढीच एक गोष्ट येते, तुझं नाव लिहून. ती जाऊ नये म्हणून तू मे महिन्यात कांबळं घेतलंस. पण बिमारीचं सोंग करता करता तुझा हात कमरेवर काऊन होता, ते मला सांग. ते सोंग नव्हतं, तेव्हा कोतवाल निघून गेला होता. निर्मलाबाई म्हणाली, कमर कशानंही दुखते, लगीनघरानं पण दुखते. पण पाहायला पाहिजे. एवढंच. आणि पाहून काही नाही निघालं, तर मी शिक्क्यासकट ठणठणीत लिहून घेईन तुझ्यासाठी, आणि ऑफिसचा कागद वेगळा, तो कसा लिहायचा ते आता मला पाठ आहे. तुझ्या तालुक्याच्या खिडकीत मी उभी राहते, पाय टेबलावर ठेवायला तयार आहे.

तुझं कार्ड माझ्या पेटीत आहे. त्यावर नवी तारीख टाकून आणली आहे, आपल्या दोघींची एकच, गुरुवार, बारा सप्टेंबर. गोंदियाच्या फलाटावर सकाळी पाण्याच्या नळापाशी थांबेन, डबा मी आणते, तू फक्त ये. उत्तर मला पोळ्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी चार तारखेपर्यंत पाहिजे, आणि पत्रानंच पाहिजे, खुमेंद्रच्या तोंडून नको. नाही आलं तर पोळ्याच्या दिवशी तुमचे बैल सजून दारात उभे असतील तेव्हा मी पण तिथंच उभी राहीन आणि कांबळ्याचं सगळं तुझ्या दिरांसमोर मोठ्यानं सांगेन, माझा आवाज तुला माहीत आहे. पोस्टमन आमच्याकडं दुपारी दोन वाजता येते. बुधवारी मी ओसरीतच बसून राहीन, पाय वर करून.

तुझीच, हट्टी,
प्रेमिला